‘हॅव अ से’ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

भाषांतरवाली : नागरिकशास्त्राच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. आजच्या लोकशाहीत सामान्य माणसाला खरोखर ‘से’ आहे का, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. मी लिहिलं, ‘सामान्य माणसाचं काही चालतं का?’ संपादकांनी ते खोडून ‘निर्णयप्रक्रियेत सहभाग असतो का?’ केलं. सहभाग तर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्याचाही असतो! ‘म्हणणं आहे’ लिहावं तर तक्रार असल्यासारखं वाटतं. काय लिहू?

वेंगुर्लेकर : ‘कौल’ लिहा. वर्तमानपत्रं ‘मतदारांचा कौल’ लिहितातच. आमच्याकडे देवळात कौल लावतात, म्हणजे देवाला प्रश्न विचारून मूर्तीवर पाकळ्या चिकटवतात. पाकळ्या उजवीकडच्या पडल्या की काम करायचं, नाहीतर थांबायचं. देवाने सांगितल्यावर गावात कोणी फाटे फोडत नाही. इतकं वजन दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे?

शब्दनिष्ठ : कौल अरबी. नागरिकशास्त्रात तरी ‘लोकमत’ किंवा ‘जनमत’ वापरा. घरात शब्द असताना उसना कशाला?

मोडीवाचक : उसना कसला, शतकानुशतकं मुरलेला आहे. जुन्या कागदांत सरकार रयतेला कौल देतं. अभयाचा, पडीक जमीन लागवडीला आणली तर सवलतीचा. तेव्हा वरून खाली यायचा, आता खालून वर जातो. लोकशाही आल्याची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही. ‘लोकमत’ म्हणजे लोकांना काय वाटतं ते. त्याला निकालाची धार नाही.

डिचोलीकर : गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं त्याला आम्ही ‘जनमत कौल’च म्हणतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर निशाणी फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. आमचे आजोबा फुलाचे, आजी दोन पानांची. तिने ते कित्येक वर्षांनी सांगितलं. घरात तिचं काही चालत नसे, पण पेटीत तिच्या मताची किंमत आजोबांच्या मताइतकीच होती. मात्र स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तो १९८७ मध्ये आला. देवालाही आपण विचारू तेवढ्याचंच उत्तर देता येतं. प्रश्न कोण ठरवतं, हे ‘कौल’ शब्दात येत नाही.

वेंगुर्लेकर : प्रश्न गावकरी मिळून ठरवतात.

डिचोलीकर : गावकरी म्हणजे मानकरी. सगळे नव्हेत.

धानोरा : मग ‘चालतं’च बरोबर. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणाच आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथे ग्रामसभा प्रश्नही स्वतःच मांडते. २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. त्याला मी ‘चालणं’ म्हणेन.

कराडची मावशी : आणि आडवी बाटली? दारूबंदीच्या मतदानात गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्राला मत दिलं की दारूचं दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. मोजायचं नोंदलेल्या सगळ्या महिला मतदारांतून, आलेल्यांतून नव्हे. जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीकडे गेली. आमदार निवडताना अशी अट कुठे असते? बायकांचं चालू द्यायचं म्हटलं की माप मोठं होतं, याचा मला संताप येतो.

शब्दनिष्ठ : दुकान बंद करणं म्हणजे कोणाची तरी रोजीरोटी जाणं. तिथे अट कडक हवीच. आणि हे मतदान आहे, ‘चालणं’ नव्हे.

धानोरा : ‘मतदान’ शब्दावरच माझा आक्षेप आहे. दान दिलं की हात झटकून मोकळं व्हायचं, हिशेब मागायचा नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘मत टाकून आलो’ म्हणतात, तेच बरं.

मोडीवाचक : कन्यादान केलेल्या बापाने लेकीची चौकशी सोडली का? दान शब्दाला दोष देऊ नका.

कराडची मावशी : कन्यादानाचं उदाहरण इथे तरी नको. मत काय, मुलगी काय, कोणाला देऊन टाकायची वस्तू नाही.

भाषांतरवाली : ‘चालतं’ आणि ‘कौल’ यांतलं एक सुचवाल का? मजकूर उद्या द्यायचा आहे.

शब्दनिष्ठ : ‘टाकणे’ कचऱ्याला वापरतात, हक्काला नाही.

धानोरा : पत्रही पेटीत टाकतात, अर्जही टाकतात.