मदत हवी आहे : इंदूरला अपक्ष पार्षद (नगरसेवक) म्हणून उभं राहायचंय

नमस्कार मंडळी. रामबागेत राहते. गल्लीतले तुंबलेले चेंबर, बंद दिवे, आजींची अडलेली पेन्शन, सगळ्यांचे अर्ज मीच लिहून देते. आता लोकच म्हणतात, ताई, उभ्या राहा.

महापालिकेची २०२२ची निवडणूक धरली तर पुढची २०२७मध्ये. एकूण वॉर्ड ८५, त्यात निम्म्या जागा महिलांच्या. पण आमचा वॉर्ड कशात जाईल, हे आरक्षणाची सोडत निघाल्यावरच कळणार. तोवर थांबायचं, की आत्ताच घरोघरी फिरायला लागायचं? मला तरी थांबणं पटत नाही.

पक्षाचं तिकीट नकोच. अपक्ष लढलेलं कुणी आहे का इथे? खर्चाचा हिशेब कसा ठेवलात, बूथवर माणसं कुठून आणलीत? आणि मराठी घरांपलीकडच्या मतदारांचा विश्वास कसा मिळवलात, हे जरा सविस्तर सांगा.