पहिला ट्रेक म्हणून सगळे सिंहगडच का सांगतात?

डोंगरधार
पुण्यात कुणी ‘ट्रेक सुरू करायचाय’ म्हटलं की समोरचा डोळे झाकून सांगतो, ‘आतकरवाडीतून सिंहगड कर, सोप्पा आहे.’ माझा विरोध आहे. वाट चुकत नाही, हे मान्य. पण पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत साधारण ६०० मीटर चढ आहे, तोही तीन किलोमीटरच्या आत. शहरातल्या वेताळ टेकडीचा चढ दीड-दोनशे मीटरचा. म्हणजे नवख्याला आपण एका दमात तीन वेताळ टेकड्या चढायला लावतो. वर सावली नावालाच. मार्चनंतर आठला चढायला लागलेला माणूस वरच्या टप्प्यात भाजून निघतो. आधी महिनाभर टेकड्या करा, मग गड.

कोंढाणेकर
असहमत. सिंहगड सुचवतात तो चढ सोपा म्हणून नाही, तिथे अडकून पडायची भीती नाही म्हणून. वाटेत ताक-सरबतवाले, मागेपुढे माणसं, आणि वर पोचल्यावर पाय गेलेच तर वाहनतळावरून खाली जाणाऱ्या शेअर जीप. राजगड-तोरण्यावर यातलं काय मिळतं? नवख्याने दोन तास धरावेत. रोजचे चढणारे पाऊण तासात वर जातात, त्यांच्या मागे लागलात की संपलात. पहिली २० मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असं समजा.

खडी-मुरूम
दोघंही चढावर भांडताय. माणसं पडतात ती उतरताना! पाऊस संपून महिना-दोन महिने झाले की वाटेवरचा मुरूम सुटा होतो आणि बारीक खडे तळव्याखाली गोट्यांसारखे फिरतात. तळवा घासून गुळगुळीत झालेले रनिंग शूज इथे कुचकामी. घाबरून मागे रेललं, टाच आधी टेकवली की पाय पुढे सटकतो आणि माणूस मनगटावर पडतो. गुडघे किंचित वाकवा, पावलं आखूड टाका, अख्खा तळवा टेकवा आणि भार त्या पावलावर येऊ द्या. फार तीव्र उतारावर आडवं उतरा. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात आणि अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. सामान पाठीवर, हात मोकळे. हातात पाण्याची बाटली नाचवत उतरणारे दर रविवारी दिसतात, तो प्रकार नको.

डोंगरधार
@कोंढाणेकर, जीपचा भरवसा किती धरायचा? पावसाळ्यात दरड आली की घाटरस्ता बंद. सुट्टीच्या दिवशी रस्ता उघडा असला तरी गाड्यांची रांग हलत नाही. मग थकलेल्या पायांनी चालतच उतरायचं, तेही शेवाळलेल्या दगडांवरून.

कोंढाणेकर
पहिला ट्रेक जुलैत, रविवारी करायचाच कशाला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातला मधला वार. पायथ्यापर्यंत पीएमपीची ५० नंबरची बस जाते. सातच्या आत चढायला लागा. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं अर्धा लिटर उतरणीसाठी राखून. आणि वेताळ टेकडीने दम वाढतो, पण सलग मोठ्या उताराची सवय कशी होणार? उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ होतं ते त्यामुळे.

ताकपिठलं
अवांतर वाटेल, पण दोन भाकऱ्या, पिठलं, कांदाभजी आणि वर मडक्यातलं दही हाणून लगेच उतरू नका. सुस्ती येते, पावलं वेडीवाकडी पडतात. एक भाकरी, मग देवटाकं (गडावरचं पाण्याचं टाकं) आणि तानाजींची समाधी निवांत बघा, मग उतरा. दही सोडा असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

डोंगरधार
उताराचाच प्रश्न असेल तर पर्वती आहे की. पायऱ्या सलग पाच वेळा चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलल्या नाहीत तर खुशाल गडावर जा. बोलल्या तर आणखी पंधरा दिवस पर्वतीच.

कोंढाणेकर
त्यापेक्षा सिंहगड अर्धा करून परत फिरा. तेवढाच उतार मिळतो, आणि तोही मुरमाचा, पायऱ्यांचा नाही. सातला चढायला लागलात तर आठ वाजता जिथे असाल तिथून माघारी वळायचं, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा. वर गेल्यावर भज्यांचा वास आला की कुणी वळत नाही.