आनंदी राहायचं, की जे वाटतंय ते वाटू द्यायचं?

शाहूपुरीकर: 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसणाऱ्या बायकांना जो तो सांगायचा, "जीव वाचला ना? मग रडताय कशाला?" त्यांच्या लग्नातले शालू, पोरांची पुस्तकं, धान्य, सगळं कुजलं होतं. रडू नका म्हणून आपण त्यांना धीर दिला नाही, गप्प केलं.

आनंद मलाही हवाय. पण "मी आनंदी आहे ना?" असं सारखं तपासत बसलं की तो हाती लागत नाही. मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या प्रयोगात काही बायकांना आधी आनंदाचं महत्त्व सांगणारा मजकूर वाचायला दिला. नंतर आनंदी चित्रफीत बघताना त्यांनाच इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण आपल्याला पुरेसं छान वाटत नाही म्हणून त्या खट्टू झाल्या.

रंकाळाकाठ: ताई, पटलं नाही. रंकाळ्यावर सकाळी आम्ही हास्यक्लबात जमतो. बायको गेल्यावर आमचा एक मित्र घराबाहेर पडेना. त्याला अक्षरशः ओढून आणला. सुरुवातीला तोंडदेखलं हसायचा, पण त्या निमित्तानं चहाला थांबू लागला, बोलू लागला. तुमच्या हिशोबानं त्याला घरातच बसू द्यायचं होतं का? दुःखाला पाट मांडून बसवलं की ते उठत नाही.

शाहूपुरीकर: काका, त्याला बाहेर काढलंत ते फार चांगलं केलंत. पण चहाला बसल्यावर तो वहिनींबद्दल बोलला असेल तेव्हा तुम्ही विषय बदललात का? नसेल बदलला, तर आपण एकाच बाजूला आहोत.

रंकाळाकाठ: नाही बदलला. तरी आधी हसणं, मग बोलणं, हाच क्रम बरोबर असं मला वाटतं. माणूस आधी उंबऱ्याबाहेर तर यायला हवा.

लाल माती: खासबागेत कुस्ती हरून आलेल्या पोराला आमचे वस्ताद कधी "हस" म्हणाले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तालीम चुकवूही दिली नाही. रडत आला तरी जोर-बैठका होत्याच.

समुपदेशनवाली: लाल माती यांनी सांगितलं ते उपचारातही वापरतात. नैराश्यात मन लागायची वाट न बघता छोटी कामं ठरवून करायला लावतात, त्यामुळे काकांचा मुद्दा खोटा नाही. मात्र दुःख मान्य करणं म्हणजे तेच उगाळत बसणं नव्हे. "मला वाईट वाटतंय" इथं थांबता येतं. "मलाच का, मी असाच का" हे सुरू झालं की माणूस खोल जातो. ब्रेट फोर्ड, मॉस वगैरेंच्या 2018 च्या अभ्यासात आपल्या भावनांना चांगलं-वाईट न ठरवता स्वीकारणाऱ्यांचं मानसिक आरोग्य जास्त चांगलं आढळलं.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर हास्यक्लबही पुरणार नाही आणि नुसता स्वीकारही. डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

रंकाळाकाठ: नंबर क्लबाच्या ग्रुपवर टाकतो. पण सकाळचं हसणं काही आम्ही बंद करणार नाही.