येऊरला ब्लू ओकलीफ कुठे बघायचं?

ठाणेकर_मेधा: पाऊस ओसरला की येऊरला (ठाण्याकडचं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं जंगल) फुलपाखरं बघायला जाते. ओढ्याकाठी निळं काहीतरी चमकतं आणि झाडीत शिरताच गायब होतं. सोबतचे म्हणाले, ब्लू ओकलीफ. घाणेरीच्या फुलांपाशी थांबते. तिथे ब्लू मॉर्मन येतं, हे येत नाही. शिवाय नेटवरच्या फोटोंत पंखांवर नारिंगी पट्टा आहे, मला तो दिसला नाही. तेच का हे?

कारवीवेडा: मेधाताई, नारिंगी पट्टा ऑरेंज ओकलीफचा. ते हिमालय, ईशान्य आणि मध्य भारतातलं. आपल्या सह्याद्रीतल्याचा पट्टा फिकट निळा असतो, म्हणजे तुम्ही बरोबर बघितलंत.

आता घाणेरी सोडा. हे फुलांवर जवळपास येतच नाही. झाडातून झिरपणारा रस आणि कुजकी फळं हे त्याचं खाणं. जुन्या झाडांची खोडं बघत चला. पंख मिटले की निळं सगळं आत जातं, बाहेर उरतं वाळकं पान: मधोमध शीर, मागच्या पंखाच्या शेपटीचा देठ, बुरशीचे डागसुद्धा. दोन फुलपाखरांचे डाग सारखे नसतात, म्हणून एकच फोटो डोक्यात ठेवून शोधू नका. उडालं की नजर निळ्यावर नको, ते जिथे बसलं त्या खोडावर ठेवा आणि हळू पुढे व्हा.

आणि कारवी हे झुडूप ओळखायला शिका. सुरवंट तिची पानं खातात. कारवीचं रान आणि वर सावली, दोन्ही लागतं. वणव्यात कारवी जळते, तेव्हा फार जीव तुटतो.

ठाणेकर_मेधा: पण कारवी साधारण सात वर्षांनी फुलून मरते ना? मग सुरवंट काय खाणार?

कारवीवेडा: सगळ्या डोंगरांवर ती एकाच वर्षी फुलत नाही. शिवाय तिच्या कुळातल्या इतर झाडांवरही सुरवंट वाढतात. तुम्ही मात्र फुललेल्या कारवीत शिरू नका, कडेच्या पायवाटेनेच जा. बी पडून पुढची रोपं तिथेच यायची असतात.

माथेरान_पायवाट: पिकलेलं केळं ठेवलं तर येईल का?

कारवीवेडा: येईल, पण राष्ट्रीय उद्यानात नको. तिथे माकडं आहेत, त्यांना माणसाच्या खाण्याची सवय लागते. घराला झाडी लागून असेल तर अंगणात ठेवा.

ठाणेकर_मेधा: रविवारी सकाळी जाते. दुर्बीण नेऊ?

कारवीवेडा: जवळून फोकस होणारी असेल तर जरूर.