सगळे नळ बंद, तरी प्रेशर पंप चालू होतो. नवीन टाकू का?

सातवा_मजला_मुलुंड
नमस्कार मंडळी, मी मुलुंड पूर्वेला सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते, टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे शॉवरला प्रेशर नव्हतंच, म्हणून नऊ वर्षांपूर्वी सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर आमच्या लाइनला अर्धा एचपीचा प्रेशर पंप बसवला. आता दोन महिने झाले, सगळे नळ बंद असले तरी दर दहा मिनिटांनी पंप चालू होतो, थोडा वेळ घरघर करतो आणि बंद पडतो. आईची खोली बरोबर त्याच्या खाली, ती रात्री चार-चार वेळा दचकून उठते. पंपाखाली वाटीभर पाणी पण साचलेलं असतं. त्यात खालच्या काकूंच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीला ओल आलीये, रंगाचे पोपडे निघतायत. प्लंबर म्हणाला पंप गेला, नवीन टाका, आणि भिंत पावसाने ओली झालीय. पण काकू सांगतात ओल मे महिन्यापासून आहे, तेव्हा कुठला पाऊस? काय करू?

निवृत्त_फिटर
ताई, आत्ता लगेच पंप घेऊ नका. पाइपातलं प्रेशर उतरलं की स्विच पंपाला चालू करतो, एवढंच त्याचं काम. नळ बंद असताना प्रेशर उतरतंय म्हणजे पाणी कुठून तरी जातंय, नाहीतर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, नीट बसत नाहीये आणि पाणी उलटं टाकीत जातंय. दर दहा मिनिटांनी म्हणजे दिवसाला जवळजवळ 144 वेळा चालू-बंद, नवीन पंप लावला तर त्याचीही तीच गत होणार.

पंपाच्या पुढे घराकडे जाणाऱ्या लाइनला व्हॉल्व्ह असेल तो रात्री बंद करा आणि तासभर बघा. तरीही तेवढ्याच वेळा चालू झाला तर दोष पंपाकडे. गप्प राहिला तर दोष घरात, मग एकेक अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघणाऱ्या लाइनवरची छोटी चावी, बंद करत जा, आधी फ्लशच्या टाकीचा, मग गिझरचा, प्रत्येक वेळी अर्धा तास थांबा. घाई केली तर काही कळणार नाही.

बोरिवलीकर
काका म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे मी आधी पंप बदलला आणि पैसे गेले, शेवटी निघाला फ्लशच्या टाकीतला वॉशर. टाकीत खायचा रंग टाका, फ्लश करू नका, अर्ध्या तासाने कमोडच्या पाण्यात रंग उतरला तर लीकेज तिथेच. आणि ताई, खालच्यांशी आत्ताच नीट बोलून ठेवा. कॉमन लाइनचं लीकेज सोसायटी बघते पण आपल्या बाथरूमच्या आतलं आपल्यालाच करावं लागतं, उशीर झाला की उगाच कटुता येते.

सातवा_मजला_मुलुंड
केलं सगळं! पंपापुढचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर तासाभरात फक्त एकदा चालू झाला. फ्लशला रंग टाकला, पाणी स्वच्छ. मग गिझरचा कॉक बंद केला तर पंप एकदम शांत, पाऊण तास आवाज नाही, मी गच्चीत छत्री घेऊन उभी होते. पण गिझर बाहेरून कोरडा आहे, त्याच्या व्हॉल्व्हमधून पण थेंब नाही. मग जातंय कुठे?

निवृत्त_फिटर
छान शोधलंत. गिझरच्या पुढची गरम पाण्याची लाइन फुटलीये, भिंतीच्या आत. कॉक उघडा, गिझर चांगला तापू द्या, मग मिक्सरच्या खालच्या टाइल्सवर आणि जमिनीवर उलटा हात फिरवा, एखादी टाइल कोमट लागेल. भिंतीत दडलेली ही लाइन जुन्या जीआयची, म्हणजे लोखंडी पाइपाची, असेल तर बहुतेक एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, चुडीत (आट्यांत) गंजलेली असणार.

तेवढ्याच दोन-तीन टाइल्स फोडायला सांगा. नवा तुकडा सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा, घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, आणि जोड चिकटवायचं सोल्युशन पण सीपीव्हीसीचंच. जोड वाळल्यावर पंप चालू करून रात्रभर प्रेशरखाली उघडं ठेवा, सकाळी कोरडं असेल तरच सिमेंट. गवंडी घाई करेल, ऐकू नका.

आता पंप. तासात एकदा चालू झाला आणि खाली पाणी साचतं, म्हणजे शाफ्टचं, पंपाच्या फिरत्या दांड्याचं, पाणी अडवणारं मेकॅनिकल सील गेलंय. नऊ वर्षांचा आहे, सील बदलून अजून चालेल. गुणगुणतो पण फिरत नाही असं झालं तर मोटर सुरू करून देणारा कॅपॅसिटर बघा. बदलायचाच ठरला तर तेवढ्याच एचपीचा घ्या, जुन्या लाइनला मोठा पंप लावाल तर दुसरा जोड उघडेल. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, घालून घ्या, पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. वायरिंगला हात लावायच्या आधी एमसीबी खाली पाडून वीज बंद करा.

सातवा_मजला_मुलुंड
काका, मिक्सरच्या खाली डावीकडची टाइल खरंच कोमट लागली, आईलाही हात लावून दाखवलं! फोडल्यावर एल्बोच्या चुडीतून बारीक फवारा उडत होता, मागची माती काळी पडलेली. सीपीव्हीसी टाकलं, रात्रभर उघडं ठेवलं, कोरडं ठणठणीत. पंपाचं सील पण बदललं. काल आई सकाळी सहापर्यंत झोपली, मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. काकूंच्या भिंतीला रंग आम्हीच लावून देणार आहोत, लगेच लावू का?

निवृत्त_फिटर
अजिबात नको. पावसाळ्यात मुंबईत भिंत वाळत नाही, आत्ता लावाल तर परत पोपडे. पोपडे खरवडून तसंच सोडा. ऑक्टोबरच्या उन्हात हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा, आतून थेंब धरले नाहीत की मग पुट्टी आणि रंग. काकूंना तसं आत्ताच सांगून ठेवा.