मदत हवी आहे: पोरं आणि ज्येष्ठांना एकमेकांचं ऐकायला बसवायचंय

नमस्कार कोल्हापूरकर. आमच्या पेठेत मिरवणुकीच्या डॉल्बीवरून तालमीची पोरं आणि ज्येष्ठ यांच्यात बोलणंच बंद झालंय. रात्री दहाचा नियम सगळ्यांना पाठ आहे, प्रश्न तो नाही. वर्षभर राबणाऱ्या पोरांना ती मिरवणूक काय वाटते आणि हृदयविकार असलेल्या आजोबांची ती रात्र कशी जाते, हे एकमेकांना कळावं ही मनापासून इच्छा आहे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची रीत वापरायचीय: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपलं मांडायचं. पण वडीलधाऱ्यांसमोर पोरं तोंडच उघडत नाहीत.

कुणी अशी बैठक घेतलीय का? सूत्रं वस्तादांकडे द्यावीत की बाहेरच्या माणसाकडे?