बॅटमॅनच्या श्रेयात बिल फिंगरचं नाव इतक्या उशिरा का आलं?

कॉमिक्सवेडा:
काल मुलासोबत २०१६ चा बॅटमॅन व्हर्सस सुपरमॅन बघितला, नावं येताना बॉब केनबरोबर बिल फिंगर असंही दिसलं. आमच्या लहानपणीच्या सिनेमांत फक्त केनच असायचा. मुलगा विचारतोय हा कोण, मला काही सांगताच आलं नाही. कोणाला नीट माहितीये का?

शाईपेन:
लेखक होता तो, आणि मला विचाराल तर बॅटमॅन केनपेक्षा त्याचाच जास्त. १९३९ मध्ये केनने काढलेलं पहिलं चित्र डोळ्यासमोर आणा, लाल घट्ट कपडे, डोळ्यांवर छोटीशी पट्टी आणि पाठीला ताठ पंख. फिंगर म्हणाला पंख काढ केप लाव, हातमोजे घाल, टोकदार कानांचा मुखवटा दे, डोळ्यांत बुबुळं नकोत आणि रंग राखाडी-काळा कर. म्हणजे आपण ओळखतो तोच ना हा! बॅटमॅनचं खरं नाव ब्रूस वेन, तेही फिंगरनेच दिलेलं, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस आणि अमेरिकन सेनानी अँथनी वेन यांच्यावरून. बॅटमॅनच्या शहराचं गॉथम हे नाव फिंगरला टेलिफोन डिरेक्टरीत सापडलं, एका ज्वेलर्सचं होतं. डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकातली बॅटमॅनची पहिली गोष्ट त्यानेच लिहिली, छापलं मात्र केनचं नाव.

रात्रीचा_वाचक:
उशीर का झाला ते सांगतो. कॉमिक्स छापणाऱ्या कंपनीशी करार केला केनने, फिंगर केनसाठी पैसे घेऊन लिहायचा (त्याआधी बुटांच्या दुकानात सेल्समन होता), त्यामुळे कागदोपत्री त्याचं काहीच नव्हतं. १९६५ मध्ये त्याचं काम लोकांसमोर आलं तर केनने पत्र लिहून साफ नाकारलं. १९७४ मध्ये फिंगर गेला, वय फक्त ५९. केनने आत्मचरित्रात त्याचा वाटा कबूल केला तो १९८९ मध्ये, तेव्हा ऐकायला तो होताच कुठे. हे वाचलं तेव्हा खरंच गलबलून आलं मला.

जुनी_पानं:
पुढचं मी सांगते. मार्क टायलर नोबलमन या लेखकाने वर्षानुवर्षं शोध घेतला, फिंगरची नात अथीना त्याला सापडली, तिने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये डीसीने, म्हणजे बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीने, श्रेय द्यायचं मान्य केलं. नोबलमनचं पुस्तक चित्रांचं आहे, मुलाला नक्की दाखवा. आणि एक, फिंगरच्या मुलाने, फ्रेडने, वडिलांची राख ऑरेगनच्या किनाऱ्यावर वाळूत वटवाघळाच्या आकारात पसरली होती, मग लाटा आल्या आणि घेऊन गेल्या.

कॉमिक्सवेडा:
ताई, हे शेवटचं मुलाला वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प बसला. पुस्तक मागवतोय.